दुर्बिणीजवळचा माणूस

विश्व प्रसरण पावत आहे, हे वाक्य आता दहावी-बारावीची मुलेही सहज म्हणून जातात. पुरावा काय, असे विचारले तर ती हबलचे नाव घेतात, आणि वर्गातला एखादा चुणचुणीत विद्यार्थी ताम्रसृतीपर्यंत पोहोचतो. पण ही ताम्रसृती मोजली कोणी, कुठे बसून, किती रात्री जागून, हे सहसा कोणी विचारत नाही. विद्यार्थीदशेत आम्हीही विचारले नव्हते. हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदा पडला तो एका डोंगरावर, पहाटे तीनच्या सुमारास, आमच्याच हातून घडलेल्या चुकीमुळे.

पीएच.डी.च्या कामासाठी आम्हाला परदेशातील एका वेधशाळेत तीन रात्री मिळाल्या होत्या. पहिली ढगांत गेली. दुसरी स्वच्छ निघाली, आणि आम्ही अधाशासारखे एकामागून एक दीर्घिकांचे वर्णपट घेत सुटलो. खोलीच्या कोपऱ्यात वेधशाळेचा एक खगोलशास्त्रज्ञ आपले काही वाचत बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने मान वर करून शांतपणे विचारले, “दिव्याचा वर्णपट केव्हा घेणार?” ज्यांच्या रेषांची तरंगलांबी आधीच अचूक माहीत आहे अशा दिव्याचा वर्णपट ही आमची मोजपट्टी. तो पहाटे सगळे आटोपल्यावर एकदाच घेऊ, असा आमचा बेत होता. तो उठला, आणि कागदावर आकृती काढून त्याने दाखवले, की दुर्बीण कलली की तिला टांगलेला वर्णपटमापकही स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो. म्हणून दुर्बीण ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत, दर वेळी, मोजपट्टी घ्यायला हवी. आमच्या निम्म्या रात्रीच्या मोजमापांना पट्टीच नव्हती! त्याच्या सांगण्यावरून पुढचा क्रम बदलला, त्यातल्या दोन दीर्घिका पुन्हा टिपल्या, आणि प्रबंध वाचला.

नंतर आमचा लेख छापून आला तेव्हा शेवटी आभाराच्या ओळीत त्याचे नाव होते. एका ओळीत, आणखी तिघांबरोबर.

त्याच्या पदाला इंग्रजीत ‘सपोर्ट अॅस्ट्रॉनॉमर’ म्हणतात. स्वतः पीएच.डी. झालेला, स्वतःचे संशोधन असलेला, पण वर्षातल्या अनेक रात्री दुसऱ्यांची निरीक्षणे नीट व्हावीत म्हणून डोंगरावर राहणारा माणूस. हे पद गेल्या काही दशकांतले आहे. त्यामागचे काम मात्र मोठ्या दुर्बिणींइतकेच जुने आहे, आणि त्याचा इतिहास पाहायचा तर मिल्टन ह्यूमसनपासून सुरुवात करावी असे आम्हाला वाटते.

दक्षिण कॅलिफोर्नियात पॅसाडेना गावाच्या डोक्यावर माउंट विल्सन नावाचा डोंगर आहे. उंची सुमारे १,७४० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा शंभरेक मीटर अधिक. समुद्रावरून येणारी हवा तिथे संथपणे वाहते, त्यामुळे ताऱ्यांच्या प्रतिमा फारशा थरथरत नाहीत. जॉर्ज एलरी हेल याने १९०४ साली या डोंगरावर वेधशाळा स्थापन केली. १९०८ साली ६० इंची दुर्बीण चालू झाली, आणि पाठोपाठ १०० इंचीची तयारी सुरू झाली. खालून वर जायला होती एक अरुंद, वळणावळणाची वाट. लाकूडफाटा आणि बांधकामाचे कितीतरी सामान खेचरांच्या पाठीवरून चढत असे.

या खेचरांच्या तांड्यांबरोबर चालणाऱ्यांत ह्यूमसन हा पोरगा होता. जन्म १८९१चा, मिनेसोटा राज्यातला. चौदाव्या वर्षी उन्हाळी शिबिरासाठी तो या डोंगरावर आला आणि त्याला डोंगर इतका आवडला की त्याने आईवडिलांकडून शाळेला वर्षभर सुट्टी मागून घेतली. ते वर्ष कधी संपलेच नाही. शाळा सुटली ती सुटलीच. खेचरे हाकता हाकता वेधशाळेतल्या अभियंत्याच्या मुलीशी त्याची ओळख झाली, १९११ साली लग्न झाले. मधली काही वर्षे तो डोंगराखाली शेतमळ्यावर काम करत होता. १९१७ साली वेधशाळेत सफाई कामगाराची जागा निघाली, आणि तो पुन्हा वर आला. लवकरच त्याला रात्रीचा मदतनीस म्हणून काम मिळाले.

रात्रीचा मदतनीस काय करतो, हे आज मुलांना समजावून सांगावे लागेल, कारण यातले बरेच काम आता संगणक करतो. तारा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो, म्हणून दुर्बीणही त्याच गतीने फिरत राहिली पाहिजे. १०० इंची दुर्बिणीचा शंभर टन वजनाचा हलता भाग पाऱ्यावर तरंगत असे, आणि खाली उतरणाऱ्या जड वजनावर चालणारे घड्याळयंत्र त्याला फिरवत असे. घुमटाची फट दुर्बिणीसमोर ठेवायची, घड्याळाकडे लक्ष द्यायचे, वहीत वेळा टिपायच्या, वारा आणि दमटपणा वाढला तर घुमट बंद करायचा. घुमटात शेकोटी नाही, हीटर नाही. कारण आतली हवा बाहेरच्यापेक्षा ऊबदार झाली की प्रतिमा बिघडते.

तापमानाचा हा मामला किती नाजूक असतो याचा धडा वेधशाळेला अगदी पहिल्याच रात्री मिळाला होता. १ नोव्हेंबर १९१७ रोजी हेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १०० इंची दुर्बीण प्रथमच आकाशाकडे रोखली. समोर गुरू होता. दिसले काय, तर एकावर एक चढलेल्या अनेक धूसर प्रतिमा! इतक्या वर्षांची मेहनत आणि पैसा वाया गेला की काय, या शंकेने सगळे गारठले. मग कोणाला तरी आठवले की दिवसा कामगारांनी घुमट उघडा ठेवला होता आणि आरशावर ऊन पडले होते. साडेचार टनांची काच एका संध्याकाळीत थंड होत नाही. मंडळी थांबली. मध्यरात्र उलटून गेल्यावर पुन्हा पाहिले तेव्हा ताऱ्याची प्रतिमा टोकदार दिसली. आरसा कधी शांत होतो, कुठल्या दिशेला कलला की काय करतो, ही माहिती कुठल्या पुस्तकात नव्हती. ती हळूहळू तिथे रात्री काढणाऱ्यांच्या अंगात मुरत गेली.

ह्यूमसनच्या अंगात ती विशेष मुरली. वेधशाळेतल्या सेथ निकल्सन या खगोलशास्त्रज्ञाने त्याला गणित शिकवले. हार्लो शॅपलीने त्याचे कसब ओळखून त्याची बाजू घेतली, आणि हेलने त्याला शास्त्रज्ञांच्या वर्गात घेतले. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला माणूस, तेही सफाई कामगार म्हणून आलेला. आज असे होईल का? आम्हाला शंका आहे.

१९१९ साली नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाच्या शोधासाठी माउंट विल्सनवरून काही फोटो घेण्यात आले, ते ह्यूमसननेच. ग्रह सापडला नाही. १९३० साली दुसऱ्या वेधशाळेत प्लूटो सापडल्यावर जुन्या काचा पुन्हा तपासल्या, तर त्यांवर तो होता! एका काचेवर त्याची प्रतिमा नेमकी काचेतल्या डागावर पडली होती, असे सांगतात. आणखी एक हकीकत आहे. शॅपलीने त्याला देवयानी दीर्घिकेचे फोटो तपासायला दिले होते. त्यात तेजस्विता बदलणारे काही तारे दिसतात असे वाटून ह्यूमसनने काचेवर शाईने खुणा केल्या. तिथे असे तारे असूच शकत नाहीत, असे समजावत शॅपलीने खिशातला रुमाल काढला आणि खुणा पुसून टाकल्या. पुढे १९२३ साली हबलने त्याच दीर्घिकेत सेफीड प्रकारचा रूपविकारी तारा शोधला आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेर असल्याचे सिद्ध झाले. ही रुमालाची गोष्ट तोंडी चालत आली आहे, तिला लेखी आधार नाही. शिक्षकांनी ती सांगावी, पण एवढे म्हणून सांगावी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दीर्घिकेचा प्रकाश लोलकातून नेला की त्याचा वर्णपट मिळतो. त्यात कॅल्शियमच्या दोन काळ्या रेषा ठळक असतात. त्यांपैकी एकीची तरंगलांबी प्रयोगशाळेत ३९३.४ नॅनोमीटर भरते. दीर्घिका आपल्यापासून दूर जात असेल तर ती रेषा तांबड्या रंगाच्या बाजूला सरकलेली दिसते, आणि जितका वेग जास्त तितकी सरक जास्त. अॅरिझोनातील लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर याने १९१२पासून असे वेग मोजायला सुरुवात केली होती. हबलने १९२९ साली वेग आणि अंतर यांचा जो प्रसिद्ध आलेख छापला, त्यातले बहुतेक वेग स्लायफरचेच होते. हे पाठ्यपुस्तकांतून निसटते.

पण स्लायफरच्या २४ इंची दुर्बिणीचा पल्ला संपत आला होता. दूरच्या, अंधूक दीर्घिका याहून वेगाने जातात का, हे पाहण्यासाठी १०० इंची दुर्बीण हवी होती आणि ती हाताळणारा माणूस हवा होता. १९२८मध्ये हबलने ह्यूमसनला हे काम सुचवले. ह्यूमसनने एनजीसी ७६१९ ही दीर्घिका निवडली आणि तिचे दोन वर्णपट घेतले. एकाला ३३ तास लागले, दुसऱ्याला ४५.

हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना एक हिशेब घालावा. दीर्घिका आकाशात पुरेशी उंच आहे आणि अंधारही पूर्ण आहे, असे एका रात्रीत साधारण सहा तास मिळतात असे धरू. मग ४५ तासांसाठी किती रात्री? सात-आठ. म्हणजे एकाच काचेवर आठवडाभर प्रकाश गोळा करायचा. पहाटे काचेची पेटी झाकायची, दिवसभर प्रकाशाचा कण आत जाऊ द्यायचा नाही, आणि दुसऱ्या रात्री तीच अंधूक दीर्घिका पुन्हा शोधून वर्णपटमापकाच्या केसाएवढ्या फटीवर आणून ठेवायची. मग नेत्रिकेला डोळा लावून तासन् तास हाताने बारीक दुरुस्त्या करत राहायचे, कारण घड्याळयंत्र कितीही चांगले असले तरी किंचित चुकतेच. या सगळ्या रात्रींत लोलकाचे तापमान बदलू द्यायचे नाही. बदलले तर रेषा आपोआप सरकतील आणि आपण त्याला दीर्घिकेचा वेग समजू. एका रात्री हात चुकला तर आधीच्या सहा रात्री वाया.

एवढे करून वेग निघाला सेकंदाला ३,७७९ किलोमीटर. तोपर्यंत ज्ञात असलेल्या कोणत्याही दीर्घिकेच्या वेगाच्या दुपटीहून अधिक. प्रकाशाच्या वेगाच्या तुलनेत तो सव्वा टक्क्याच्या आसपास येतो, म्हणजे ३९३.४ची रेषा ३९८.४ नॅनोमीटरच्या जवळपास गेली. १९२९ साली ह्यूमसनचा दोन पानांचा लेख आणि हबलचा लेख एकाच नियतकालिकात, एकाच अंकात छापून आले. हबलचा आलेख आपण सगळे ओळखतो. पण तो आलेख अंधूक दीर्घिकांपर्यंत तसाच सरळ पुढे जातो, याचा पहिला आधार शेजारच्या छोट्या लेखात होता.

पुढे डब्ल्यू. बी. रेटन याने वर्णपटमापकासाठी एक विलक्षण वेगवान भिंग तयार केले. ही कल्पना सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरून आली होती. सूक्ष्मदर्शकाचे भिंग उलटे वापरले तर दूरच्या वस्तूची चिमुकली, पण ठसठशीत प्रतिमा मिळते. त्यामुळे वर्णपट अगदी आखूड यायचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली मोजावा लागे, पण वेळ मात्र खूप वाचे. १९३१पर्यंत ह्यूमसन सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर वेगापर्यंत पोहोचला, १९३६पर्यंत सुमारे ४०,०००पर्यंत. तिथे १०० इंचीची मर्यादा आली. पालोमारची २०० इंची दुर्बीण चालू झाल्यावर त्याने सुमारे ६०,०००चा वेग मोजला. १९५६ साली निकोलस मेयॉल आणि अॅलन सँडेज यांच्याबरोबर त्याने जो मोठा लेख लिहिला त्यात आठशेहून अधिक दीर्घिकांचे वेग होते, आणि त्यांपैकी माउंट विल्सन व पालोमार येथले सहाशेवर वेग त्याच्या खात्यावर होते. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने १९५० साली त्याला मानद डॉक्टरेट दिली. निवृत्तीनंतर, १९६१ साली, त्याने एक धूमकेतू शोधला. तो त्याच्या नावाने ओळखला जातो. १९७२ साली तो वारला.

नियमाला मात्र हबलचे नाव राहिले. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने मतदान घेऊन ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणावे अशी शिफारस केली. बेल्जियमच्या लमेत्रने १९२७ साली सिद्धांताच्या बाजूने हाच संबंध मांडला होता, तेव्हा हे योग्यच झाले. मोजणाऱ्यांची, म्हणजे स्लायफर आणि ह्यूमसन यांची नावे याही वेळी बाहेर राहिली.

डोंगरावर कोणाला काय म्हणायचे, यात केवळ कौतुकाचा प्रश्न नसतो. माउंट विल्सनवर निरीक्षकांच्या निवासाला ‘मठ’ म्हणत. जेवणाच्या टेबलावर १०० इंचीचा निरीक्षक शिरोभागी बसे, ६० इंचीचा त्याच्यानंतर, बाकीचे क्रमाने पुढे. मठ, म्हणून बायकांना मज्जाव. १९४०च्या दशकात इंग्लंडच्या मार्गारेट बर्बिजने इथल्या पाठ्यवृत्तीसाठी अर्ज केला, तो याच कारणाने नाकारण्यात आला. १९५५ साली तिचा नवरा जेफ्री याला ती पाठ्यवृत्ती मिळाली. तो सिद्धांतवाला, निरीक्षक होती ती. मग युक्ती अशी झाली, की कागदोपत्री निरीक्षक जेफ्री आणि त्याची मदतनीस मार्गारेट! दोघांनी मठात न राहता वेगळ्या झोपडीवजा घरात राहायचे आणि स्वतःच्या गाडीने ये-जा करायची, ही अट. ताऱ्यांत मूलद्रव्ये कशी घडतात यावरचा १९५७चा जो चौघांचा गाजलेला लेख आहे, त्यावर पहिले नाव हिचेच आहे. ह्यूमसनला ‘मदतनीस’ या शब्दातून वर यायला जागा मिळाली. मार्गारेटला दुर्बिणीपाशी जाण्यासाठी त्याच शब्दाच्या आडून शिरावे लागले.

१९५०च्या दशकाच्या अखेरीपासून चित्र पालटले. अमेरिकेत किट पीक, मग चिलीमध्ये युरोपीय देशांची ला सिया, कॅनरी बेटांपैकी ला पाल्मावरची वेधशाळा, हवाईतल्या मौना कियावरच्या दुर्बिणी; या कोणा एका संस्थेच्या मठासारख्या नव्हत्या. कुठल्याही विद्यापीठातल्या माणसाने अर्ज करावा, अर्ज उत्तम असेल तर तीन-चार रात्री मिळाव्यात, अशी पद्धत आली. ही मोठी लोकशाही होती, आणि तिची अडचणही उघड होती. ह्यूमसनने एका दुर्बिणीपाशी आयुष्य काढले होते; पाहुणा वर्षातून तीन रात्री येतो. त्याला उपकरणाच्या खोडी कशा कळणार? यातून सपोर्ट अॅस्ट्रॉनॉमरचे पद आले. दुर्बीण चालवणारा ऑपरेटर वेगळा. हा माणूस विज्ञान आणि यंत्र यांच्या मध्ये उभा असतो.

त्याचा दिवस दुपारी सुरू होतो. उपकरण बसवायचे, समान उजळलेल्या पडद्याची चित्रे घेऊन कॅमेऱ्याचा प्रत्येक बिंदू सारखा प्रतिसाद देतो का ते पाहायचे, पाहुण्याला सगळे समजावून द्यायचे आणि त्याची यादी वाचून त्यातल्या चुका हळूच दाखवायच्या. ला पाल्मावर सहारातली धूळ उडून येते तेव्हा आकाश निरभ्र दिसूनही तारे मंदावतात. ते नवख्याला कळत नाही. मौना कियाचा माथा ४,२०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. निरीक्षक २,८०० मीटरवरच्या निवासात राहून शरीराला सवय करून घेतात, तरीही रात्री दोनला साधी वजाबाकी चुकते. म्हणून तिथे अनुभवी माणसाचे “एकदा आकडे पुन्हा वाच पाहू” हे शब्द फार मोलाचे असतात. वारा मर्यादेपलीकडे गेला की घुमट बंद. पाहुण्याच्या वर्षभराच्या आशेवर झाकण घालण्याचे हे कामही बहुधा त्याच्या उपस्थितीतच होते, आणि पाहुण्याची समजूत त्यालाच घालावी लागते.

चिलीतल्या पारानाल पर्वतावर १९९९पासून आणखी एक पद्धत रुळली. पाहुण्याने यायचेच नाही, फक्त सूचना लिहून पाठवायच्या. हवा किती स्थिर आहे, चंद्र किती आहे हे पाहून आज कोणाचे काम करायचे ते डोंगरावरचा खगोलशास्त्रज्ञ ठरवतो. अत्यंत स्थिर हवेची दुर्मिळ रात्र जिला खरोखर लागते तिलाच मिळते, ही पद्धतीची बाजू. तोटा असा, की नव्या पिढीच्या कितीतरी संशोधकांनी आपली दीर्घिका जिने टिपली ती दुर्बीण पाहिलेलीच नसते. आपल्या देशात लडाखमधील हानले येथे ४,५०० मीटरवर असलेली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण २००१पासून बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. निरीक्षक मैदानात बसतो; उणे वीस अंशांत घुमटाचे दार गोठले तर ते पाहायला जाणारा माणूस मात्र वरच असावा लागतो. पुणे जिल्ह्यात गिरवली येथे आयुकाची दोन मीटरची दुर्बीण २००६ साली चालू झाली. पावसाळ्याचे महिने सोडून एरवी शिक्षकांना विद्यार्थ्यांसह तिथे जाण्याची परवानगी मिळवता आली, तर मुलांनी आरसा जरूर पाहावा. आणि रात्री तिथे कोण बसते, हेही विचारावे.

आमच्या विद्यार्थ्यांना आता बहुतेक वेळा डोंगर दिसत नाही. सकाळी संगणकावर फाइली येऊन पडतात. त्यांच्यासोबत रात्रीच्या नोंदींची एक छोटी फाइल असते: किती वाजता काय घेतले, हवा कशी होती, आणि मधूनच एखादी ओळ, की पातळ ढग आले म्हणून तिसरे चित्र पुन्हा घेतले आहे, दुसरे वापरू नये. खाली नुसती आद्याक्षरे असतात. दीर्घिकेची फाइल उघडण्याआधी ही फाइल वाचायची, असा आमच्याकडे नियम आहे.